सव्वादोन हात लाल कापड

या, असे जवळ सरका. दारापाशी बसलात तर रस्त्यावरच्या टेम्पोचाच आवाज ऐकत राहाल. बुवांची गाडी उशिरा आहे, पेटीवाला अजून भाता पुसून राहिला आहे, तोवर मी तुम्हाला एक आख्यान सांगतो. बुवांसारखी चाल मला लावता येत नाही आणि निरूपण तर मुळीच जमत नाही. पण आख्यान आपल्याच रायपूरच्या गुढियारीचं आहे, आणि ज्यांचं आहे त्यांच्या ओसरीवर मी इतका चहा प्यायलो आहे की त्यातली साखर डोळे मिटून सांगेन.

छत्तीसगढचं राज्य नवीन झालं, त्या हिवाळ्याची गोष्ट. एक नोव्हेंबरला रायपूर राजधानी झालं आणि पंधरा दिवसांत गावाची चालच बदलली. भोपाळहून साहेब आले, साहेबांच्या मागे बाबू आले, बाबूंच्या मागे ट्रक आले. ज्याच्याकडे तीन खोल्या होत्या तो दोन खोल्यांत राहायला शिकला आणि तिसरीवर ‘किराए से देना है’ अशी पाटी लावून बसला. पानठेल्यावर एकच बोलणं, तेलीबांध्याच्या पुढे जमीन घेऊन ठेवा. कोणी लॉज काढायला निघालं, कोणी टॅक्सी. विमलाताईंचं लक्ष मात्र एका सरकारी व्हरांड्यात जाऊन अडकलं.

विमलाताई म्हणजे नरहरीभाऊंची बायको. नरहरीभाऊ रेल्वेच्या मालगोदामात क्लार्क, घर स्वतःचं, पुढची खोली गल्लीवर उघडणारी. ताईंकडे शिलाई मशीन होतं, पण ब्लाउज-फ्रॉकांच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. मृदंगाची गवसणी, वीणेची खोळ, देवाची वस्त्रं आणि पोथ्यांची वेष्टनं, एवढंच त्या शिवत. आपल्या भजनी मंडळातली एकही पोथी त्यांच्या हातच्या कापडाबाहेर नव्हती. आणि त्यातही त्यांची एक रीत होती. पोथीच्या कापडाला कात्री लावायची नाही, टेप लावायची नाही. आपल्याच हाताने मोजायचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि वर शुभाचा पाव. सव्वा हात, सव्वादोन हात. मग काठाला दातांनी खूण करायची आणि सर्रकन फाडायचं. जिची सेवा, तिच्या अंगाचं माप. वर्ध्याकडे त्यांच्या माहेरी असंच चालत आलेलं.

तर जानेवारीत ताई घराच्या कागदाची नक्कल काढायला एका कार्यालयात गेल्या. खिडकी उघडायला तास होता. व्हरांड्यात भोपाळहून आलेल्या कागदांचे गठ्ठे रचलेले. सरकारी कागद ज्या चौकोनी लाल कापडात बांधतात त्याला इथे बस्ता म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्यातले निम्मे बस्ते प्रवासात फाटले होते. उरलेले गठ्ठे सुतळीने आवळलेले, आणि सुतळी कागदांच्या कडांत अशी रुतलेली की प्रत्येक पानाला चावा घेतल्यासारखी खाच.

ताई नक्कल न घेताच घरी आल्या.

“अहो, कोणाकोणाच्या जमिनी त्या कागदांत असतील,” ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, “अन् अंगावर पांघरूण नाही त्याइच्या.”

“मग तू पांघरूण घालतं का सरकारले?” नरहरीभाऊ हसले.

“घालतो.”

“विमल, भात वाढ आधी.”

भात वाढला. पण दुसऱ्या दिवशी ताई पंडरीच्या कापडबाजारात गेल्या, पक्क्या रंगाचं लाल जाड कापड घेतलं, दोनदा धुऊन त्याची खळ काढली. खळीच्या वासाने कसर लागते, हे पोथीवाल्यांना सांगावं लागत नाही. तीन नमुने शिवले आणि थेट रेकॉर्ड रूमच्या दारात उभ्या राहिल्या.

तिथला रेकॉर्ड कीपर होता शरच्चंद्र बाबू. भोपाळचा मराठी माणूस, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. त्याने एक नमुना बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

“विमलाबाई, हे पोथीचं कापड आहे.”

“हो, त्याच्यासारखंच.”

“पोथी दिवसातून एकदा उघडते आणि तीही हात धुऊन. हा गठ्ठा दिवसातून दहादा उघडतो, आणि उघडणारा गुटखा खाऊन येतो. तुमची गाठ दोन दिवसांत सैल होईल.”

दुसरं कोणी असतं तर कापड पिशवीत कोंबून निघालं असतं. ताईंनी विचारलं, “बाबूजी, मी इथं एक दिवस बसू काय? बोलणार नाही. पाहीन फक्त.”

बाबू त्यांच्याकडे बघत राहिला. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये बसायची परवानगी मागणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने स्टूल दाखवलं.

ताई दिवसभर बसल्या. शिपाई गठ्ठा कसा ओढतो, कोणता कोपरा धरतो, आत काय आहे ते कळायला प्रत्येक वेळी पूर्ण बस्ता कसा सोडावा लागतो, हे सगळं पाहिलं. आठवड्याने नवीन नमुना घेऊन गेल्या. एका कोपऱ्याला लांब नाडा, दोन वेढे घेऊन खोचायचा, गाठच नको. आणि वरच्या बाजूला कापडाचाच एक खिसा, त्यात चिठ्ठी. क्रमांक बाहेरूनच वाचा.

बाबूने तो खिसा बोटाने उघडून पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाबूच्या आनंदाची हद्द तेवढीच. मग म्हणाला, “होळीनंतर हे कार्यालय तेलीबांध्याकडच्या भाड्याच्या इमारतीत जातंय. ट्रक लागायच्या आधी पाचशे बस्ते आणा. साहेबांनी नमुन्यादाखल घ्यायला मंजुरी दिली आहे. ते ठीक निघाले तर पुढचा सगळा रेकॉर्ड तुमचा. नाही निघाले तर पंडरीच्या ठोक व्यापाऱ्याचा माणूस रोज येऊन बसतोच आहे.”

आता घरचं ऐका. त्याच सुमाराला भोपाळचा एक अधिकारी नरहरीभाऊंची पुढची खोली भाड्याने मागत होता. चांगला माणूस, चांगला शब्द. आणि ताईंना शिलाईसाठी तीच खोली पाहिजे होती, कारण कापडाचे तागे उलगडायला दुसरीकडे जागाच नाही.

नरहरीभाऊ वाईट नव्हते हो. पण मालगोदामातला माणूस, बिल्टीवर शिक्का पडल्याशिवाय माल आला असं मानत नाही. ते म्हणाले, “पाडव्यापर्यंत खोली तुही. बाबूनं माल पास केला तर पुढंही तुहीच, मी त्या साहेबाले हात जोडतो. नाही केला तर पाडव्याले साहेब राहाले येईल अन् मशीन परत कोपऱ्यात जाईल. मग पुन्हा ह्या घरात बस्त्याचं नाव नाही. कबूल?”

“कबूल.”

ताईंनी दोघींना हाताशी घेतलं. एक मीराबाई. छत्तीसगढी बाई, पलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, आधी गोदामात पोती उचलायची. उंच इतकी की आपल्या दाराला वाकून येई. दुसरी गोदू. गोदू आपल्याच गल्लीतली, तिशीची, एकटी, आईला सांभाळणारी. अंगाने एवढीशी. मीराबाईच्या बाजूला उभी राहिली की पोट्टे म्हणत, खांब आणि खुंटी चालली. पण गोदूचा टाका! मशीनचा टाका लाजेल असा सरळ.

तिघींनी काम वाटून घेतलं. प्रत्येकीने आपल्या घरी कापड न्यायचं, फाडायचं, शिवायचं, घडी घालून ठेवायचं. ताईंनी रीत समजावून दिली. सव्वादोन हात, चौकोनी. टेप नाही, कात्री नाही. मीराबाईने आपली मान डोलावली. “हव दीदी.” गोदूने तर आधी देवाला नमस्कार केला आणि मगच तागा उचलला. तीन आठवडे त्या गल्लीत सर्र, सर्र, असा एकच आवाज. कोणी आजारी पडलं नाही, कोणी रुसलं नाही. मी ताईंना म्हटलंसुद्धा, देव पाठीशी आहे. देव पाठीशी होताच. पण माप त्याने आमच्यावर सोडलं होतं.

फाल्गुन वद्य दशमी, सोमवार. माल न्यायचा दिवस. सकाळीच तिघींचे गठ्ठे पुढच्या खोलीत आले आणि पहिल्यांदाच शेजारी शेजारी रचले गेले. नरहरीभाऊ ड्युटीवर निघाले होते. दारात बूट घालता घालता थांबले.

“विमल, हा तीन कारखान्यांचा माल आहे काय?”

“काहून?”

“घड्या पाह्य ना.”

ताईंनी पाहिलं. एक रास रुंद, एक मधली, एक आखूड. सारख्याच आठ घड्या, पण तिन्हींच्या कडा तीन ठिकाणी. त्यांनी तिन्हींतला एकेक बस्ता उलगडला आणि एकावर एक पसरला. मीराबाईचा ताईंच्या कापडाबाहेर चहूकडून लोंबत होता. गोदूचा आत सहा बोटं कमी.

मग मीराबाईने आपला हात पुढे केला. तिच्या शेजारी गोदूने आपला ठेवला. गोदूचं मधलं बोट मीराबाईच्या मनगटाच्या जरा पुढे संपलं.

इथे बुवा असते तर त्यांनी झांज वाजवली असती आणि तुम्हाला क्षणभर टांगून ठेवलं असतं. मी नाही ठेवत. ताई मटकन खाली बसल्या.

“अव माय. पोथी एकटी शिवतो आपण. एकीचाच हात असते तिथं.”

गोदूने बोटातलं अंगुस्तान काढून मशीनवर ठेवलं. “काकू, माह्या हातानं घात केला. मी उद्यापासून नाही येत.”

“गप बस. तुहा हात देवानं दिला तेवढाच आहे. तीन बायांचे हात सारखे राहात नाहीत एवढं मले दिसलं नाही, तर आखूड कोण? तू का मी?”

मीराबाई व्यवहारी. तिने हळूच सुचवलं, “दीदी, छोटे वाले नीचे दबा देते हैं. ऊपर आपके वाले. बाबू कौन सा पाँच सौ खोल के देखेगा?”

“अन् तिथं बांधाले घेतला अन् पुरला नाही तर? तो कागद कोणाचा तरी आहे ना, मीरा.” ताई उठल्या. पदर खोचला. “आजच जाऊन सांगतो. तुम्ही दोघी चला संगं.”

नरहरीभाऊ दारातच होते. त्यांना वाटलं, बाई रडेल. बाई तिन्ही राशी न्यायला रिक्षा बोलवायला निघाली होती. “विमल,” ते म्हणाले, “साहेबाले मी पाडव्याचं सांगू का?”

“पाडवा कधी आहे तो पाहा अन् तोवर थांबा.”

रेकॉर्ड रूममध्ये ताईंनी सगळ्यात आधी आखूड बस्ता टेबलावर ठेवला. मग लांब. मग बरोबरचा. “बाबूजी, चूक झाली. आम्ही हातानं मोजलं, अन् हात तिघींचे.”

शरच्चंद्र बाबू रागावणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागे. “विमलाबाई, कागदावर एक माप मंजूर आहे. परवा दुपारी ट्रक लागतो. आणि तुम्ही मला सांगताय की सरकारचा रेकॉर्ड तुम्ही कोपराने मोजला?” दारातला शिपाई खो खो हसला. “बाबूजी, ये तो मुंडन वाली टोपी है,” आखूड कापड डोक्याला लावून तो म्हणाला. पंडरीच्या व्यापाऱ्याचा माणूस बाकावर बसला होता. त्याने शांतपणे आपल्या पिशवीचा बंद सोडला.

बाबू बोलत होता, ताई मान खाली घालून ऐकत होत्या, आणि गोदू? गोदूला भीती वाटली की हाताला काम लागतं. शिपायाने टेबलावर फेकलेलं ते आखूड कापड तिने उचललं, पायाशी एक पातळसा गठ्ठा सुतळी सुटून पसरला होता, तो आपला सरळ केला, कापडात घेतला, नाड्याचे दोन वेढे दिले आणि खोचून टाकला. काय करतो आहोत हे तिलाही कळत नव्हतं.

ताईंची नजर त्या गठ्ठ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“बाबूजी, एक मिनिट.” त्यांनी तो उचलला, उलटा केला, हलवला. पान हललं नाही. मग तसाच दुसरा पातळ गठ्ठा घेऊन मंजूर मापाच्या कापडात बांधला. कापड जास्त, आत पोकळ, हलवला तर कागद घसरून कोपऱ्यात गोळा झाले. “त्या दिवशी मी बसली होती तेव्हा हेच पाहिलं होतं. पातळ गठ्ठ्यांचे कोपरे मुडपलेले. पण काहून ते समजलं नव्हतं.”

बाबूने दोन्ही गठ्ठे हातात तोलले.

“हे तेव्हाच सांगितलं असतं तर?”

“तेव्हा मले समजलंच नव्हतं, बाबूजी. आत्ता गोदूनं बांधल्यावर समजून राहिलं. तुमच्याकडं जाडे, मधले, पातळ, तीन जातीचे गठ्ठे आहेत. माप एक कसं चालेल?”

“आणि कोणता बस्ता कोणाला, हे कोण लावणार? मी नव्या इमारतीची यादी करू की तुमची कापडं निवडू?”

“आम्ही लावतो. इथंच बसून. बांधून देतो पाचशेच्या पाचशे.”

बाबूने घड्याळ पाहिलं, मग कॅलेंडर. “नुसतं कापड मोजून मी घेणार नाही. परवा बारा वाजता मला बांधलेले गठ्ठे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर,” त्याने बाकाकडे पाहिलं, “हे आहेतच.”

व्यापाऱ्याचा माणूस नमस्कार करून म्हणाला, “हम तो परसों भी आ जाएँगे.”

ताईंनी मग शिपायाला पट्टी मागितली, लाकडी, इंचाच्या खुणा असलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाल कापडावर फूटपट्टी ठेवली. पोथ्यांची रीत पोथ्यांपाशी, म्हणाल्या, हा माल आहे, आणि हा दुसऱ्याच्या भरवशाचा आहे. लगेच तिथेच फरशीवर बसून मीराबाईच्या राशीतले, जाड्या गठ्ठ्यांना लागतील तेवढे बस्ते वेगळे काढले, बाकीचे पुन्हा फाडून मधल्या मापाचे करायला घेतले. दिवसभरात शंभर गठ्ठेही झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एकादशी. दुपारी इथेच, याच सभागृहात कीर्तन. वीस वर्षांत ताईंची खांबाजवळची जागा रिकामी कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी रिकामी होती. बुवांनी पूर्वरंग संपवून श्वास घेतला आणि विचारलं, “आमच्या विमलाताई दिसत नाहीत, बरं आहे ना?” सगळ्यांनी वळून नरहरीभाऊंकडे पाहिलं. भाऊ माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचे कान लाल झाले.

“काम आहे तिले, लोकाइचे कागद बांधून राहिली,” ते म्हणाले.

“देवाहून मोठं?” पाठीमागून कोणीतरी टोमणा मारला.

बुवा हसले. “कोणाचे तरी कागद सांभाळतेय म्हणे. बसू द्या तिला तिथेच. तो तिथेही उभा असेल.” आणि त्यांनी आख्यान लावलं. रंगलं होतं हो, काय सांगू. पण नरहरीभाऊंची चुळबुळ थांबेना. थोड्या वेळाने ते उठलेच. भर कीर्तनातून उठणं हे त्यांच्या हातून त्याआधी झालं नव्हतं. मीही उठलो. माझ्या घरून साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून घेतली आणि दोघं कार्यालयात पोचलो.

आत काय पाहतो! गोदू खालच्या फळीखाली पोटावर सरपटत शिरली होती आणि तिथले गठ्ठे एकेक करून बाहेर ढकलत होती. तिथे मीराबाई मावलीच नसती. मीराबाई शिडीशिवाय वरच्या फळीवरून उतरवत होती. मधे ताई बांधत होत्या. पण गोंधळ असा की शिपाई मदतीला म्हणून राशी उचलायचा आणि तिन्ही मापं पुन्हा एक करून ठेवायचा. ताईंचा उपास, ओठ सुकलेले. आणि भिंतीशी पोटावर हात बांधून पंडरीचा माणूस, आज एक दिवस आधीच.

नरहरीभाऊंनी डबा खाली ठेवला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

“विमल, खूण कुठं आहे मालावर?”

“कसली खूण?”

“गोदामात रोज हजार नग उतरतात. खूण नसली तर कानपूरचा माल कटनीले जाईल. गोदू, सुई आहे? पांढरा दोरा घे. लहान मापाच्या कोपऱ्याले एक टाका. मधल्याले दोन. मोठ्याले तीन. डोळे मिटून बोटानं समजलं पाहिजे.”

गोदूने अंगुस्तान घातलं आणि बसली. टाके घालत गेली आणि राशी आपोआप सुटत गेल्या. मी चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहायला बसलो, माझं अक्षर बरं आहे म्हणून. शिपायालाही आता गंमत वाटू लागली. त्याला एक टाका, दोन टाके हे लक्षात ठेवायचा कंटाळा. तो शिडीवरून ओरडला, “गोदू वाला दो! अब मीराबाई वाला!” मीराबाई म्हणाली, “मोर नाम ला धीरे ले ग, दीवार गिर जाही!” आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ताई हसल्या.

खिचडी कोणी खाल्ली माहीत नाही. डबा रिकामा मिळाला.

बुधवारी बाराला शरच्चंद्र बाबू यादी घेऊन आला. खाली ट्रकचं इंजिन सुरू. बांधलेले गठ्ठे भिंतीभर रचलेले, चिठ्ठ्या सगळ्या एका बाजूला. ताईंनी स्वतःच सांगितलं, “बाबूजी, बारा राहिले.”

बाबूने यादी खाली ठेवली. त्याने राशीतून सगळ्यात पातळ गठ्ठा उपसला, एक टाक्याचा. स्टुलावर चढला. हात उंच केला आणि सोडून दिला.

धप्प! धूळ उडाली. गठ्ठा फरशीवर एकदा उलटला. नाडा जागच्या जागी. बाबू उतरला, बस्ता सोडला, आतल्या पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला. एकही पान पुढे-मागे झालं नव्हतं. मग त्याने एक जाडा गठ्ठा घेतला, पुन्हा स्टुलावर. पुन्हा धप्प. तोही तसाच.

चष्मा काढला, पुसला, लावला.

“तीन मापांची नवीन टीप मी साहेबांकडे आजच पाठवतो. लघु, मध्यम आणि बृहत्.” मग भिंतीजवळच्या माणसाकडे वळून म्हणाला, “तुम्ही निघालात तरी चालेल.” आणि बाह्या दुमडल्या. “ते बारा कुठे आहेत? द्या इकडे, मी बांधतो.”

पाडव्याची गुढी ताईंनी पुढच्या खोलीच्या दाराशी उभारली. त्या भोपाळच्या साहेबाला नरहरीभाऊंनी खरंच हात जोडले आणि वर दुसऱ्या गल्लीत खोलीही पाहून दिली. एका कार्यालयाचं पाहून दुसरं आलं, दुसऱ्याचं पाहून तिसरं. आज त्या गल्लीत सतरा मशीनं आहेत आणि दर भिंतीला फूटपट्टी टांगलेली आहे. पोथीचं वेष्टन मात्र ताई अजून हातानेच मोजतात, एकट्या बसून.

मध्ये एका कॉलेजने ताईंना बोलावलं होतं, उद्योजक कसा असावा यावर बोलायला. मीच सोबत गेलो. मुलं वह्या उघडून बसलेली. एकाने विचारलं, “आंटी, सक्सेसफुल होण्यासाठी सगळ्यात मोठा गुण कोणता?” ताई गोंधळल्या. म्हणाल्या, “बेटा, मले गुण-बिण सांगता येत नाही. कोणाकडं स्टूल आहे काय?” आणि पिशवीतून बस्ता काढून त्या मुलाला बांधायला लावला, स्टुलावर चढवून टाकायला लावला. सुटला. पुन्हा बांधायला लावला. पाचव्यांदा टिकला तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि एकही पोरगं उठलं नव्हतं. भाषण झालंच नाही. मला विचाराल तर झालं.

तो मुलगा खाली उतरून म्हणाला, “आंटी, ये छोटा वाला गोदू है ना? हमारे पापा के ऑफिस में भी आता है.” त्याच्या लेखी ते मापाचं नाव. ताईंनी पटकन पिशवीत काहीतरी शोधायला मान घातली.

कारण गोदू आता नाही. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तिथून ती परत आली नाही. तिच्यामागे तिची आई विमलाताईंकडेच राहिली, शेवटपर्यंत. गोदूचा फोटो नाही कुठे. एका लग्नाच्या फोटोत आहे, तिथेही पुढच्या बाईच्या खांद्यामागे अर्धीच दिसते.

पेटी लागली वाटतं. बुवाही आलेच, जागा करा त्यांना. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यातले पुष्कळजण कामाला कार्यालयांत आहात, नाहीतर कधी ना कधी तिथल्या खिडकीशी उभे राहता. आत कोणी शिपायाला हाक मारली, “एक गोदू निकालना”, तर क्षणभर थांबा. एवढीशी बाई होती, भीती वाटली की हाताने काम करायची. तिची आठवण करा.